एकदा ऐकून टाइप करता येईल असं नाव

प्रश्न: ताई, गेली सहा वर्षं मी हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या करते, जुन्या पुस्तकांची बांधणीही करून देते. आजवर सगळं काम ओळखीतून मिळालं. आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. नाव माझ्या मनात पक्कं आहे, ‘वेष्टण’. पण ‘वेष्टण डॉट कॉम’ कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय आणि अवाच्या सवा किंमत सांगतात. वेबसाइट करून देणारे गृहस्थ म्हणतात, नावाच्या मध्ये आडवी रेघ टाकू, नाहीतर ‘बेस्ट हँडमेड नोटबुक्स ऑनलाइन’ असं नाव घेऊ, गूगलवर वर येईल. भाचा म्हणतो डॉट कॉम सोड, हल्ली डॉट आयओ, डॉट एआय चालतं. मैत्रिणीने ‘सुईदोरा’ सुचवलं, पण ते शिवणकामाचं वाटतं. नोंदणीचं तुम्ही बघू नका, मी माझ्याच खात्यातून करतो, असंही ते गृहस्थ म्हणतात. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर पत्त्याचा शिक्का मारायचा आहे, म्हणून घाई आहे. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी धरते. वेबसाइटवरचा मजकूर आज चुकला तर संध्याकाळी दुरुस्त होतो. पण शिक्का मारलेली वही एकदा घराबाहेर गेली की ती कुणाच्या तरी कपाटात दहा वर्षं राहणार, आणि त्या शेवटच्या पानावरचा पत्ता दहा वर्षांनीही चालायला हवा. म्हणून घाई नको.

आता नाव. तुमचं काम आजवर ओळखीतून पसरलं, यापुढेही बरंचसं तसंच पसरणार. एखादीने तुमची वही पाहिली, ‘कुठून घेतलीस गं?’ असं विचारलं, की उत्तर तोंडी दिलं जातं. वही त्या वेळी हातात असेलच असं नाही. नाव तोंडातून कानात जातं, तिथे तास-दोन तास राहतं आणि मग बोटांतून फोनवर उतरतं. एवढ्या प्रवासात त्याचं एक अक्षरही सांडता कामा नये. माझ्या लेखी नाव निवडण्याची पहिली कसोटी हीच, बाकीच्या सगळ्या तिच्यानंतर.

हे मी कानांनी शिकले आहे. नोकरीची सुरुवातीची चार वर्षं मी एका छोट्या प्रकाशनाच्या कार्यालयात फोन घ्यायचे. आमच्या पत्त्यात दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ होती. दिवसातून वीस वेळा तेच संभाषण व्हायचं. ‘मध्ये डॅश आहे.’ ‘अंडरस्कोर का?’ ‘नाही, खालची रेघ नाही, मधली.’ ‘म्हणजे जागा सोडायची?’ ‘नाही, जागा नाही सोडायची, रेघ काढायची.’ पलीकडे थोडा वेळ शांतता, मग पेन कागदावर घासल्याचा आवाज, आणि ‘बरं, बरं, पाठवतो.’ त्यातल्या कितीतरी मेल आमच्यापर्यंत कधी आल्याच नाहीत, कारण रेघ नसलेला पत्ता दुसऱ्याच कुणाचा तरी होता. एका लेखिकेने मुद्रितं तपासून पाठवली आणि तीन आठवडे वाट बघून रागाने फोन केला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. चूक तिची नव्हती. आमच्या पत्त्याची होती. त्यामुळे आडव्या रेघेला माझा स्पष्ट नकार आहे. आकड्यालाही आहे: ‘दोन’ म्हटलं की समोरचा आकडा लिहील की अक्षरांत लिहील, ते तुमच्या हातात नाही.

मोठ्यांनाही कानाने दगा दिलेला आहे. १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीचं नाव आधी ‘कडाब्रा’ ठेवलं होतं. वकिलाने ते फोनवर ‘कडॅव्हर’ असं ऐकलं, म्हणजे प्रेत. ते नाव मागे पडलं आणि ॲमेझॉन आलं.

आता ‘वेष्टण’कडे येऊ. शब्द सुंदर आहे, तुमच्या कामाला चपखल आहे, आणि तो तुम्हाला का सोडवत नाही हे मला कळतं. पण वेबसाइटचा पत्ता रोमन अक्षरांत टाइप होणार, आणि मराठी शब्द रोमनमध्ये गेला की प्रत्येकजण तो आपापल्या सवयीने लिहितो. ‘वेष्टण’ लिहून बघा. ‘वे’साठी व्ही की डब्ल्यू? ‘ष’साठी एस-एच की नुसता एस? शेवटच्या ‘ण’नंतर ए लावायचा की नाही? तीन ठिकाणी दोन-दोन पर्याय म्हणजे आठ स्पेलिंगं झाली. त्यातलं एक तुमचं, उरलेली सात परक्याची. बांधणीच्या कामातला ‘जुजबंदी’ हा शब्द मला फार आवडतो, पण त्याचीही हीच गत: जे की झेड, इथेच लोक अडतात. आपल्या भाषेत व, श-ष, ज, ज्ञ, फ ही अक्षरं आणि दीर्घ आ-ई-ऊ ही सगळी अशी अडायची ठिकाणं आहेत.

याच्या उलट प्रकारही असतो. ‘कला’ रोमनमध्ये जवळजवळ सगळे सारखंच लिहितात, पण वाचताना कुणी कला वाचतो, कुणी काळा, कुणी कळा. ‘पान’ घेतलंत तर कुणी पान वाचेल, कुणी पण, कुणी पॅन. या दोन दोषांचं वजन मात्र सारखं नाही. वाचताना थोडं चुकलं तरी माणूस योग्य जागी पोहोचतो, लिहिताना चुकलं की तो भलत्याच दारात जातो. म्हणून एका आवाजाची अनेक स्पेलिंगं होत असतील तर ते नाव सोडा. एका स्पेलिंगचे अनेक उच्चार होत असतील, तर त्यातला एखादा विचित्र अर्थाचा नाही ना, एवढं बघा आणि पुढे चला.

या हिशेबाने मैत्रिणीचं ‘सुईदोरा’ मला उजवं वाटतं. एस, यू, आय, डी, ओ, आर, ए. क्वचित कुणी ‘ई’साठी दोन ई लिहील, तेवढं एक स्पेलिंग जादा घेऊन ठेवता येतं. कुणी ‘सुईडोरा’ वाचलं तरी टाइप तेच करेल. नाव शिवणकामाचं वाटतं ही तुमची शंका रास्त आहे, पण मी ती मोठी मानत नाही. वही शिवतातच की. सुई आणि दोरा ही तुमची रोजची हत्यारं आहेत, आणि पहिल्या पानावर वह्यांचे फोटो दिसले की कुणी ब्लाउज शिवायला टाकायला येणार नाही. नावाने धंद्याचं अख्खं वर्णन करावं लागत नाही. उद्या तुम्ही वह्यांबरोबर कागदही करायला लागलात तर ‘नोटबुक्स’ असलेलं नाव अपुरं पडेल, ‘सुईदोरा’ पडणार नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. येत्या सुटीच्या दिवशी पाच जणांना फोन करा. वेगवेगळ्या वयांचे घ्या, आणि ज्यांना हे नाव ठाऊक नाही असेच घ्या. गप्पांच्या ओघात एकदाच सांगा, ‘वेबसाइटचं नाव सुईदोरा डॉट कॉम ठेवतेय’. स्पेलिंग सांगू नका, दुसऱ्यांदा उच्चारू नका. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना निरोप पाठवा: मघाचा पत्ता टाइप करून पाठवाल का? आणखी पाच जणांना ‘वेष्टण’ सांगा. जे दहा निरोप येतील ते कागदावर उतरवून काढा, एकाखाली एक. कुठल्या नावाची अक्षरं रांगेत सरळ उभी राहतात ते तुम्हाला दिसेलच.

नाव पक्कं करण्याआधी आणखी एक गोष्ट करा. जोडलेले शब्द लहान रोमन अक्षरांत सलग लिहून अनोळखी माणसाला मोठ्याने वाचायला द्या. दोन शब्द चिकटले की मध्येच तिसरा, नको तो शब्द तयार होतो कधीकधी, आणि तो आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला नाव आधीच माहीत असतं. शिक्क्यावर मात्र दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल कोरून घ्या. पत्त्यात लहान-मोठ्या अक्षरांनी काही फरक पडत नाही, वाचणं सोपं होतं.

गूगलचा मुद्दा लवकर संपतो. शोधायचे शब्द नावातच घातले की वर येता येतं, ही समजूत एके काळी बरीचशी खरी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने नेमका यावरच घाव घातला: नाव तेवढं शोधाच्या शब्दांशी जुळणाऱ्या पण आत काही दम नसलेल्या साइट त्याने खाली ढकलल्या. आज तुमच्या पानांवर काय लिहिलंय, वह्यांची माहिती किती नीट दिलीय, इतर लोक तुमचा पत्ता देतात का, यावर तुमची जागा ठरते. ‘बेस्ट हँडमेड नोटबुक्स ऑनलाइन’ हे नाव कुणी मैत्रिणीला सांगणार नाही. नियमाने नावाचा एक भाग ६३ अक्षरांपर्यंत चालतो, पण चालतो म्हणून वापरायचा नसतो.

डॉट कॉम की दुसरं काही? शक्य असेल तर डॉट कॉम, कारण लोकांचं बोट सवयीने तिथेच जातं. ओव्हरस्टॉक या मोठ्या अमेरिकी दुकानाने २०११ मध्ये ‘ओ डॉट को’ हे छोटंसं नाव पुढे आणलं. गिऱ्हाइकं ‘ओ डॉट कॉम’ टाइप करू लागली आणि कंपनीला जुन्या नावाकडे परतावं लागलं. तुम्ही आपल्याच देशात विकणार असाल तर तुमच्या देशाचं दोन अक्षरी शेपूटही तितकंच चांगलं, लोकांना ते ओळखीचं असतं.

भाच्याला मात्र एक समजावून सांगा. दोन अक्षरांचं शेपूट हे कुठल्या ना कुठल्या देशाचं किंवा प्रदेशाचं असतं. डॉट एआय हे कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं, डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं. तिथले नियम बदलले की आपल्यालाही बदलावं लागतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांचे डॉट ईयू पत्ते १ जानेवारी २०२१ पासून बंद पडले, का तर त्यांचा त्या शेपटावरचा हक्कच संपला होता. डॉट शॉप, डॉट स्टोअर अशी नवी शेपटंही आहेत. ती घेणार असाल तर पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. तो कितीतरी पट असू शकतो.

देवनागरीत पत्ता घेता येतो, हेही सांगते, कारण तुम्हाला ते आवडेल. तिथे ‘वेष्टण’ हे ‘वेष्टण’च राहील. आतल्या यंत्रणेत त्याचं रोमन अक्षरांच्या साखळीत रूपांतर होतं, पण ते ब्राउझर आपला आपण करतो. अडचण आहे ती ईमेलची: असा पत्ता सगळ्याच ठिकाणी स्वीकारला जात नाही. म्हणून तो मुख्य न ठेवता जोडपत्ता म्हणून घ्या आणि मुख्य साइटकडे वळवून द्या.

‘वेष्टण डॉट कॉम’ अडवून बसलेल्या माणसाशी सध्या बोलणी थांबवा. त्याने ते तुमच्या धंद्याच्या आधीपासून घेतलेलं असेल तर तक्रार करूनही उपयोग होणार नाही. अशा वादांसाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, पण तिथे तीन गोष्टी एकत्र सिद्ध कराव्या लागतात: ते नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, त्या माणसाचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूनेच घेतलं आणि वापरलं. नाव आवडतं एवढं कारण तिथे चालत नाही. हीच पद्धत उलट्या बाजूने तुमच्यावरही येऊ शकते. म्हणून ‘सुईदोरा’ किंवा जे काही ठरेल ते नोंदवण्याआधी आपल्या देशाच्या ट्रेडमार्क नोंदणीत शोधा, जिथे विकणार आहात तिथल्याही नोंदणीत शोधा. आणि ‘वेबॅक मशीन’वर तो पत्ता टाकून बघा. आधी कुणी तो वापरून सोडला असेल तर तिथे जुनी पानं दिसतात. जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या कामी वापरलेलं नाव घेतलं तर तुमच्या साध्या मेलही लोकांच्या स्पॅममध्ये पडतील.

आता ज्या वाक्याने मला तुमचं पत्र दोनदा वाचायला लावलं ते: ‘मी माझ्याच खात्यातून करतो.’ ते गृहस्थ भले असतील, त्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही. पण हे होऊ देऊ नका. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नोंदवलेलं नाव, ज्याच्या नावाने नोंदलेलं असतं, त्याचंच ते असतं. साइट तुमची, वह्या तुमच्या, शिक्का तुमचा, आणि पत्ता त्यांचा, असं होईल. माझ्या जवळच्या एका मैत्रिणीचं हेच झालं. साइट करून देणाऱ्याने काम बदललं, फोन नंबर बदलला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर जात राहिल्या. एका सकाळी तिची साइट उघडेना, आणि तिच्या मेलही यायच्या थांबल्या, कारण मेलचा पत्ता त्याच नावावर होता. बँकेचा पासवर्ड बदलायला गेली तर बँकेचं पत्र त्याच बंद पत्त्यावर जात होतं. तो अख्खा दिवस ती माझ्याशेजारी बसून होती, एकेका ठिकाणी फोन लावत, आणि प्रत्येक ठिकाणी तिला एकच प्रश्न विचारला जात होता: डोमेन तुमच्या नावावर आहे का?

खातं तुम्ही स्वतः उघडा. नोंदणीदार म्हणून तुमचं किंवा तुमच्या व्यवसायाचं नाव, तुमचा फोन, तुमचं कार्ड. ईमेल मात्र या नव्या नावाचा देऊ नका, तुमचा वेगळा, रोजच्या वापरातला द्या, म्हणजे उद्या नावच बंद पडलं तरी सूचना तुमच्यापर्यंत येतील. नोंदणी झाली की खातरजमेचा मेल येतो. डॉट कॉमसारख्या नावांना तो १५ दिवसांत उघडून होकार द्यावा लागतो, नाहीतर नाव स्थगित होऊ शकतं. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागितली जाईल, नाव दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप असतं ते चालू ठेवा. त्या गृहस्थांना साइट जोडायला लागेल तेवढा प्रवेश द्या. तुमच्या शेजारी बसवून काम करून घेतलंत तर उत्तमच. ते रागावतील असं वाटत असेल तर सांगा की ताईंनी सांगितलंय. जाणकार माणूस यावर रागावत नाही.

मुदतीचं म्हणाल तर नाव एक ते दहा वर्षांसाठी घेता येतं. तुम्ही पाच वर्षांचं घ्या, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि कार्ड बदललं की त्याच दिवशी तिथेही बदला. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका डोमेनची मुदत भरायला विसरली, आणि ऐन नाताळात अनेकांना तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेत जाता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून पैसे भरून दिले. चुकून मुदत टळलीच तर डॉट कॉमला सहसा थोडे दिवस सवलत मिळते, पण ती किती हे नोंदणी कंपनीवर असतं. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येतं, मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि सहाव्या दिवशी ते कुणीही उचलू शकतं. मुदत संपल्याची खोटी पत्रंही येतात, अगदी बिलासारखी दिसणारी. आलेल्या पत्रातल्या दुव्यावरून कधीच पैसे भरू नका. आपल्या खात्यात शिरून तारीख बघा.

‘वेष्टण’ तुम्हाला टाकून द्यावं लागणार नाही. तुमच्या सगळ्यात चांगल्या, कापडी पुठ्ठ्याच्या डायरीला ते नाव द्या. तिथे ते देवनागरीत, तुमच्या हाताने छापलेलं राहील, आणि त्याचं स्पेलिंग कुणी विचारणार नाही.

शिक्का करायला टाकण्याआधी मात्र थोडं थांबा. दहा निरोपांचा तो कागद समोर ठेवून नाव ठरवा, नोंदवा, खातरजमेच्या मेलला उत्तर द्या, आणि दोन दिवसांनी खात्यात जाऊन नोंदणीदाराच्या जागी स्वतःचं नाव वाचा. मग शिक्का टाका. पहिल्या वहीवर उमटवण्याआधी एका कोऱ्या कागदावर मारा आणि त्या कागदावर बघून, शेजारच्या कुणाला तरी तो पत्ता फोनवर टाइप करायला सांगा.